क्रमाशिवाय

सप्टेंबर. मेंढ्या डोंगरावरून उतरल्या,
आणि स्वान्हिल्दुरनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर
त्यांची यादी मांडली:
आधी ओएल, मग एलआय, एलआय, एलआय.
पडद्यावर आकडे आपोआप उभे राहिले.
एक, बोत्ना. दोन, गोल्सा.

मी म्हणालो, आकडे नकोत गं.
कानातल्या बिल्ल्यावर आहेत तेवढे पुरे.
मोजून चढवतात ते ट्रकमध्ये.

ती हसली. ओ खोडला, यू लिहिला,
वर एकदा, आणि खाली तिरप्या रेघेपाशी एकदा.
आकडे गेले. उरले काळे ठिपके,
बर्फावरच्या लेंड्यांसारखे,
कुणीच कुणाच्या पुढे नाही.

फ्लेक्काच्या ओळीत तिनं आणखी एक यादी उघडली.
दोन्ही कोकरं तिथं, जरा आत सरकून,
आईच्या आडोशाला;
त्यांचे ठिपके पोकळ.

मोउरा अजून आली नव्हती.
दोन रात्री मी बॅटरी घेऊन घळी पालथ्या घातल्या होत्या.
ही ओळ काढू का, तिनं विचारलं.
मी भांडी विसळत राहिलो.

तिनं एलआय उघडला,
आत काहीच लिहिलं नाही, बंद केला.
पानावर नुसता ठिपका.

झोपण्याआधी मी बाहेर गेलो,
फाटकाची कडी काढून
ते नुसतं लोटून ठेवलं.