मधलं झुडूप

न्यामिराच्या या उतारावर
चहाला झाड होऊ देत नाहीत.
कमरेला लागला की काठी आडवी ठेवायची
आणि काठीवरून जे डोकावेल ते खुडायचं,
दोन पानं, एक कोंब.
दर चौथ्या वर्षी तर गुडघ्यातच छाटतात,
मग तीन महिने चुलीला सरपण भरपूर
आणि हाताला काम नाही.

सासऱ्यांनी जाण्याआधी जमिनीचे दोन तुकडे केले,
माप पावलांनी घेतलं.
दोन भावांची पावलं सारखी कुठली असायला!
एक झुडूप मधे राहिलं.
न्यामवेया म्हणाला, माझं.
ओंगेरी म्हणाला, हात लावून दाखव.
चीफच्या ऑफिसात तीनदा जाऊन आले,
तिसऱ्या खेपेला बसभाड्यावरूनही भांडले.
तेव्हापासून त्याला कुणी खुडलं नाही.

बारा वर्षं.

ते आपलं वाढत राहिलं. कमरेच्या वर,
डोक्याच्या वर, घराच्या पत्र्याच्या वर.
बुंधा माझ्या पोटरीएवढा झाला.
पोरं त्याला चहा म्हणायचीच नाहीत,
'ते झाड' म्हणायची.

पलीकडच्या ओळीत माझी जाऊ, केमुंतो.
तिच्याही पाठीला टोपली, पोटाला प्लास्टिकचा एप्रन.
पाठीला पाठ करून खुडायचो,
संध्याकाळी काट्यापाशी एकाच रांगेत उभ्या राहायचो.
कारकून पोत्याचा म्हणून एक किलो,
दवाचा म्हणून एक किलो कापायचा,
दोघींचा सारखाच.
तेवढं एक वाटप आमच्या घरात
बिनतक्रार झालं होतं.

मग ती दुपार. गारा.
लिंबाएवढ्या नव्हत्या, उगाच वाढवून कशाला सांगू,
मक्याच्या दाण्याहून थोड्या मोठ्या,
पण थांबेचनात.
टोपली डोक्यावर उपडी घालून मी धावले,
पानं सांडली, सांडू देत.
अख्ख्या उतारावर आसरा म्हणावा असं
एकच झाड होतं.
ती आधीच तिथे होती.

बुंध्याच्या या अंगाला मी, त्या अंगाला ती.
वर फुलं, पांढरी, मधे पिवळ्या केसरांचा झुबका.
वीस वर्षं मी चहा खुडतेय,
चहाला फूल येतं हे कधी दिसलंच नव्हतं.
येऊ दिलं तर दिसणार ना.

"वास येतो गं," केमुंतो म्हणाली.
मला म्हणाली की झाडाला, कळलं नाही.
मी "हं" म्हटलं.

समोर तिची ओळ, माझी ओळ
चिंध्या चिंध्या होत होती.
हिरवट पाणी कुणाची हद्द न विचारता
खाली नदीकडे चाललं होतं.

घरी न्यामवेयाने विचारलं, किती गेलं?
सगळं, म्हटलं. दोन महिने काटा विसरा.
"आणि मधलं?"
मी चूल फुंकत राहिले.
दुकानातली पुडी फोडली
(आपलं पान मोंबासाला जातं,
पुडीत येतं ते कुणाचं, कुणास ठाऊक),
पातेल्यात पाणी ओतलं,
एक कप जास्त पडलं.

ते मी काढलं नाही.