नळाशेजारी

गोडोलीत माझ्या घरामागे नळ आहे,
नळाला लागून कामिनी.
चैत्रात तिथं बुलबुलाची जोडी
सारखी आत-बाहेर करायला लागली.
चोचीत काडी, नारळाच्या शेंडीचा धागा,
एकदा तर माझाच गुंतवळ,
खिडकीतून मीच टाकलेला.
आई असती तर ओरडली असती, माझ्यावर.

मी नळ बंद केला.
पाणी पुढच्या दारातून, बादलीनं.
सिंधूबाई म्हणाली, पाखरासाठी कुणी नळ बंद करतं का?
तिसऱ्या दिवशी तिनंच
बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळली,
आवाज नको म्हणून.

सिव्हिलच्या प्रसूती वॉर्डात एकतीस वर्षं काढली,
नोंद ठेवायची खोड जात नाही.
कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर लिहीत गेले:
शनिवार, एक. रविवार, दोन. सोमवार, तीन.
गुलाबीसर, वर तांबूस शिंतोडे,
साडीवर आमटी उडावी तसे.
मादी बसून, नर तारेवर.
बाराव्या दिवशी फरशीवर अर्धं कवच.
'बाळं-बाळंतीण सुखरूप' असं लिहिलं
आणि एकटीच हसले.

पिल्लं सुंदर नव्हती, खोटं कशाला बोलू.
सातव्या महिन्यात आलेली बाळं असायची काचेच्या पेटीत,
तशी कातडी, खालचं सगळं दिसणारी.
डोळे मिटलेले. पण फांदी हलली की
तीन तोंडं उघडायची, आतून डाळिंब.
नर नाकतोडा आणायचा, सुरवंट,
कढीलिंबाचं काळं फळ.
आणि मादी त्यांची शी
चोचीनं उचलून लांब नेऊन टाकायची.
आमच्या वॉर्डात एवढी स्वच्छता
साहेबांचा राउंड असेल त्याच दिवशी.

चार वाजता, अजिंक्यताऱ्याआड जायच्या आधी,
ऊन नेमकं घरट्यात शिरायचं.
पिल्लं चोची वासून धापा टाकायची.
मला बघवेना.
दोरीवर जुनी पांढरी चादर टाकली, चार चिमटे लावले.

सहाव्या दिवशी भारद्वाज आला.
विटकरी पंख, लाल डोळा,
चाल एखाद्या मामलेदाराची.
शेजारच्या नलवडेंनी कुंपणावरून हात जोडले,
म्हणाले, सिस्टर, बघून घ्या, शुभ असतं.

तो चादरीच्या आडून गेला.
मला दिसला नाही, आईबापालाही नाही.
कालवा झाला तेव्हा झाडू घेऊन धावले.
दोन गेली होती.
तिसरं तळाला चिकटून, मान आत.

त्याच्याही घरी पिल्लं असतील.
मान्य आहे मला.
मान्य असूनही रात्री भाकरी उतरली नाही.

चादर काढली.
दुसऱ्या दिवशी चारला मीच जाऊन उभी राहिले,
पाठीवर ऊन घेत,
माझी सावली त्याच्यावर पडेल अशी.
मादी जवळ येईना.
दोन पावलं मागे झाले,
सावली कामिनीच्या बुंध्याशी संपली.
आणखी एक पाऊल मागे,
तेव्हा ती आली, चोचीत किडा घेऊन.

लेकीचा फोन रोज असतो.
यातलं काही सांगितलं नाही.
ती म्हणाली असती, आई, माझी आठवण येते ना तुला?
आणि हो म्हणावं लागलं असतं,
उगीच.

अकराव्या दिवशी ते उडालं,
म्हणजे पडलं, रिकाम्या बादलीत.
मी आत दुधापाशी होते.
सिंधूबाईनं बादली आडवी केली आणि बाजूला झाली.
ते टुणटुण बाहेर आलं,
तिच्या चपलेकडे पाहिलं,
मग जास्वंद, मग कुंपण, मग नलवडेंचा आंबा.
आईबाप मागोमाग, नुसता आरडाओरडा करत.
हे सगळं तिनं सांगितलेलं.
बाई, तुमचं पोरगं गेलं, असं म्हणाली,
आणि भांडी घासायला बसली.

कॅलेंडरवर लिहिलं: दाखल तीन, घरी एक.
शेरा लिहायची जागा मोकळी ठेवली.

नळ उघडला.
आधी नुसती हवा आली, खाकरल्यासारखी,
मग गढूळ पाणी, मग नेहमीचं.
बादलीच्या कडीची चिंधी
सिंधूबाईनं अजून सोडलेली नाही.