सात नंबरची बाटली

मंगळवारी नाकाचे पेशंट. फोंडा, दुसरा मजला.
बारा बाटल्या तपकिरी काचेच्या, आत कापूस.
परदेशी पेटीत पाइन होतं, दालचिनीचा पाव होता;
इथं कोण ओळखणार ते, सर म्हणाले, तूच भर.
मग मी भरल्या: लवंग, हिंग, रॉकेल, कॉफी,
माडाचं व्हिनेगर, डांबराच्या गोळ्या,
आईच्या डब्यातली चिमूटभर सुकी सुंगटं
(ती उघडली की शिपाई जिन्यावर जातो).
सातवीत नुसतं पाणी.
ती खोटं पकडायला.

सुकांती म्हार्दोळची, वय त्रेसष्ट.
देवळासमोर फुलं विकते, सासूच्याच पाटावर बसून.
नाकात दोन्हीकडे सोललेल्या द्राक्षांसारखे कोंब;
सरांनी दुर्बिणीतून मलाही दाखवले.
दूध करपलं तर सून ओरडते, तेव्हा कळतं.
ते चालतं, म्हणाली.
पण गेल्या महिन्यात कालची जाई
आजची म्हणून माझ्या हातून गेली
पार गाभाऱ्यापर्यंत.
भटजींनी परत पाठवली. बोलले काही नाहीत.

एक नाकपुडी दाबा. ओढा. काय आहे?
"कांय ना."
चारांतलं एक सांगा: लवंग, केळं, साबण, माती.
आला नाही तरी सांगायचं, तसा नियम आहे.
"न येता कसं सांगू?"
अंदाजानं.
"अंदाजानं फुलं विकली म्हणून तर इथं आले, बाय."

व्हिनेगरला डोळ्यांत पाणी आलं.
"टोचलं. पण वास नव्हे हा."
(खरं आहे. टोचण्याची नस वेगळी.)
सुंगटांना काही नाही. रॉकेलला काही नाही.
मी शून्यं मांडत गेले, एकाखाली एक.

सातवी तिनं दोनदा ओढली.
मग पदरानं नाक पुसून पुन्हा एकदा.
"अबोली."

मला हसू आलं. अबोलीला वास नसतो, काकी,
दहावीपर्यंत रोज माळलीय मी.
"असतो. थोडका."
ओवायच्या सोपाचा असेल, ओल्या केळीच्या.
"सोपाचा वेगळा."
आणि माझ्याकडे अशी पाहिली
जणू द्राक्षं माझ्याच नाकात आहेत.

कागदावर सातव्याला पर्याय चार:
संत्रं, चामडं, मासळी, काही नाही.
मी पेन धरून बसले. खाली बोरीची बस भरत होती.
शेवटी समासात लिहिलं, अबोली.
हे काय? सरांनी विचारलं.
पेशंटचं उत्तर.
त्यांनी चष्मा वर केला,
ऑपरेशनची तारीख घातली, चौदा,
आणि पुढच्याला आत घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी बाटल्या स्पिरिटनं धुवायच्या असतात.
अकरा धुतल्या. तोवर माझं नाकही कामातून गेलेलं.
खिडकीशी जरा उभी राहिले, मग सातवी उघडली.
पाणी. ओपाच्या नळाचं.
खोल कुठंतरी किंचित क्लोरीन,
आणि त्याच्याही मागे काहीतरी, गेलंच लगेच.
दोन वर्षं मी हिला रिकामी समजत होते.

उद्या डिस्टिल्ड मागवायला हवं.