पंचावन्न टन

दिवसभर मी लोकांचे दात घडवते.
परळला, दुसऱ्या माळ्यावर, एक्झॉस्टच्या घरघरीत.
प्लास्टरची धूळ भुवयांवर बसते,
सहाला तोंड धुतलं की मी परत पस्तिशीची होते.
ज्यांचे दात, त्यांची तोंडं मी पाहिलेली नाहीत.
नुसते ठसे येतात, डब्यातून, चिठ्ठी लावून:
वरचा जबडा, शेड ए-थ्री, शुक्रवारी हवा.

घरी, भांडुपला, ओट्याच्या टोकाशी
जिथून आईनं कुरकुरत मिक्सर हलवला,
तिथे माझे मेक उभे असतात.
दोन पायांवर चालणारे रणगाडे,
बोटाच्या दोन पेरांएवढे.
नियमपुस्तकात वजन: पंचावन्न टन.
लॅबच्या काट्यावर: एकोणीस ग्रॅम, बेससकट.

ह्या नव्याचे पाय अन्सेल्मचे.
म्हणजे, अन्सेल्म ऑकलंडला गेला तेव्हा
बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवून गेला माझ्याकडे,
"कचरा आहे, पण फेकू नकोस."
आत गुडघे, तोफांच्या नळ्या,
त्याच्या कुत्र्यानं चावलेलं एक डोकं,
आणि हात. अकरा उजवे.
डावा एकही नाही.

धड चोरबाजारातलं. विकणारा शपथेवर जपानी म्हणाला.
घोट्यात बॉलपेनची स्प्रिंग.

उजव्या हाताचा डावा करणं
वाटतं तितकं सोपं नसतं.
अंगठा कापून पलीकडे न्यायचा,
कोपर उलटं फिरवायचं, खांदा घासायचा,
मग अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र, आत पितळी तार,
दाताच्या मुळात पिन बसवतात तशीच.
नुसता गोंद धरत नाही.
हे मला कुणी शिकवलं नाही,
पाटकरबाईंच्या पुढच्या दातानं शिकवलं,
तो तिसऱ्यांदा परत आला तेव्हा.

खांद्यावर रॉकेटांची पेटी हवी होती.
चौदा नंबरचे फातर्फेकरकाका
आपलं कानातलं यंत्र घेऊन दारात उभे.
"बंद पडलंय. आणि ऐकण्यासारखंही
फार काही उरलं नाही या बिल्डिंगीत.
तुझ्या त्या बाहुल्यांना होतंय का बघ."
बाहुल्या नाहीत हो काका, म्हणणार होते.
ऐकणार कोण.

प्रायमर मारला गच्चीत, टाकीच्या आडोशानं.
वारा फिरला. सुर्वेकाकूंचे पापड
एका बाजूनं करडे झाले.
त्याचे पैसे दिले, तो विषय संपला.

रविवारी चेंबूरला, सोसायटीच्या हॉलमध्ये,
थर्माकोलचे डोंगर, औषधांच्या खोक्यांचं शहर.
कॅरमवाले घड्याळ दाखवत उभे.
यज्दीनं माझा मेक हातात घेतला, उलटा केला,
"आ कुठल्या पुस्तकात आहे?"
कुठल्याच नाही.
"मग पंचावन्न टनी धरू," म्हणाला, आणि ठेवला
अलगद, जसं कुणाचं तरी मूल ठेवावं.

तीन आठवडे मी तो जोडत होते.
दुसऱ्याच फेरीत यज्दीचे फासे:
सहा, सहा. थेट डोक्यावर.
त्याच कुत्र्यानं चावलेल्या.
चालक ठार. नियमाप्रमाणे आडवा करायचा.
मी केला. जरा जोरातच पडला, खोक्यांवरून खाली, टेबलावरून खाली,
लादीवर.
कॅरमसुद्धा थांबला.

उचलून पाहिलं.
हात होता. डावा, जागच्या जागी.
यज्दी म्हणाला, सॉरी डिकरी.
मला का कोण जाणे हसूच येत होतं.

रात्री जिन्यात काकांचं दार उघडंच.
"काय झालं?"
हरलो, मी म्हणाले.
"काय?"
तळहात पुढे केला.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
खांद्यावरच्या पेटीला नखानं हळूच टोकलं,
बराच वेळ बघत राहिले.

"उजव्या कानाचं होतं ते," म्हणाले,
"तू डावीकडे लावलंस."