संकीर्ण

ऑडिटर साहेबांनी पेन्सिलीनं गोल केला आहे
एका ओळीभोवती:
समुपदेशन कक्ष, पडदा एक, खुर्च्या दोन,
शीर्ष संकीर्ण.
आणि समासात लिहिलंय, फलनिष्पत्ती?

साहेब काल देवगडहून परत गेले.
जाताना आंब्याची पेटी नको म्हणाले,
म्हणजे माणूस सरळ आहे.
त्याला सरळ उत्तर द्यायला हवं.

तर लिहितो.

पडदा अशासाठी, की गाव लहान आहे.
कुणाच्या दारात कुणाची चप्पल,
ते संध्याकाळच्या लिलावाआधी बंदरावर पोचतं.
पहिले दोन महिने पारकर मॅडम
मंगळवारी नि शुक्रवारी कणकवलीहून एसटीनं यायच्या,
रिकाम्या खुर्चीसमोर बसून
दुपारच्या गाडीनं परत जायच्या.
"थंय जाता म्हणजे कायतरी झाला असतला."
एवढं एक वाक्य पुरत होतं.

मग मी एक काम केलं, ज्याचं व्हाउचर नाही.
एसटी पासाची खिडकी
त्यांच्या दाराशेजारी हलवली.
आता रांग एकच.
कोण शिक्क्यासाठी उभं, कोण रडायला,
रांगेकडे बघून सांगता येत नाही.

दर्शना मिठबावकर पासासाठीच आली होती, खरंच.
बारा मिनिटं आत बसली.
बाहेर येऊन तिनं परीक्षेचा फॉर्म मागितला,
जो आदल्या दिवशी टेबलावर तसाच ठेवून गेली होती.
आत काय झालं मला ठाऊक नाही.
ठाऊक नसणं, त्याचाच तो खर्च:
सहाशे चाळीस रुपये, शिलाईसकट.

दुसरी हरकत धुरी सरांवर.
तासिका तत्त्वावर. नऊ तास इथं, सात वैभववाडीत,
पेट्रोल स्वतःचं,
गणपतीचं मानधन शिमग्याला हातात.
विघ्नेश तारी पहिल्या तासाला डुलक्या घेई,
सरांनी त्याला बाहेर काढला.
मॅडम एवढंच म्हणाल्या, एकदा पहाटे जेटीवर जाऊन या.
सर गेले. पोरगा जाळं झाडत होता.
"सर, माका आकडे कळतत. फकत झोप येता."

तेव्हापासून संख्याशास्त्राचा एक तास
जेटीच्या दिव्याखाली भरतो, लिलावाच्या आधी,
दिवा लागला तर.
तो कुठल्याच तक्त्यात बसत नाही.
सर पालथ्या क्रेटवर खडूनं लिहितात:
सात होड्या आल्या.
एकीत सुरमई, सहा रिकाम्या.
सरासरी म्हणते, सगळ्यांच्या घरी तिखलं शिजलं.
पोरं हसतात.
विघ्नेश हसत नाही,
त्या सहांतल्या एका होडीवर तो होता.

साहेब, तुमच्या नमुन्यात लाभार्थ्यांची सरासरी मागितली आहे.

भरतो. अडतीस भागिले दोन सत्रं, एकोणीस.
पण त्यात तन्वीर सोलकर नाही.
तो तीनदा रांगेत उभा राहिला
आणि तिन्ही वेळा माझ्या खिडकीशीच थांबला,
नसलेल्या पासाची चौकशी करून गेला.
चौथ्यांदा दाराशी आला तो शनिवार होता.
शनिवारचे पैसे आपल्याला मंजूर नाहीत.
आता वास्कोला ट्रॉलरवर असतो, असं बहीण सांगते.
हजेरीपटावर त्याच्या नावावरून लाल रेघ मीच मारली.
ती शाई कोणत्या शीर्षाखाली घालू?

फलनिष्पत्तीचा रकाना तीन बोटं रुंद आहे.
त्यात मावेल असं काही सुचलं नाही,
म्हणून पुढच्या वर्षाची मागणी खाली जोडतो:
मॅडमचे दिवस दोनाचे चार, त्यात शनिवार.
सरांचं मानधन, महिन्याचं महिन्याला.
बॅटरीचा कंदील एक.
पडदा जुनाच चालेल.

या महिन्याचे पास वाटून संपले त्याला आठवडा झाला.
खिडकीला आज काही काम नाही.
बाहेर चौघं उभी आहेत,
कुणी कुणाकडे बघत नाही.
मी शिक्क्याची डबी उघडून बसलो आहे.