मूठ सोडा आता

शमशाद म्हणाली, ताठ बस, डोळ्यात बघ,
पगार पहिल्याच भेटीत विचारू नकोस,
आणि हसताना तोंडावर हात नेऊ नकोस,
दात चांगले आहेत तुझे.
एवढं सगळं तिनं
रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता सांगितलं.

दुसऱ्या गेटजवळच्या हॉटेलात
मी सव्वापाचलाच जाऊन बसलो.
(बसलो. आमच्या वडगावात बायका असंच म्हणतात.
पुण्याची मामी हसते. हसू दे.)

साडेपाच. पावणेसहा.
वेटरनं टेबल दोनदा पुसलं,
दुसऱ्यांदा पुसायला काही नव्हतं.
ताठ बसून पाठ भरून आली
तेव्हा कुठे गेट उघडलं,
आणि दुचाकींच्या लोंढ्यातून ईरण्णा आला,
हेल्मेट काखेत, कपाळावर त्याचा वळ.
"गेट पडली होती," म्हणाला, "मालगाडी आला."

घरी कन्नड. मराठी उद्यमबागच्या फाउंड्रीत शिकलेला.
भट्टीसमोर तो आणि ती
कोण सुधारत बसतंय?

डोळ्यात बघायचं ठरवून आलो होतो.
बघितलं ते कोपराच्या खोबणीत:
दोरीसारखी शीर, फुगून वर आलेली,
अंधारातसुद्धा सापडेल अशी.
अकरा वर्षं रक्त काढतो मी, नजर तिकडेच जाते.

मग त्याचे हात दिसले.
मनगटापर्यंत भाजल्याचे जुने ठिपके,
आणि कप बशीवर खडखड वाजत होता.
हाच माणूस दिवसभर वितळलेलं लोखंड ओततो,
साच्याबाहेर थेंब जाऊ देत नाही.
चहा मात्र सांडला.
"सकाळपासून पाठ केलो," म्हणाला,
"सगळं विसरली."

हे मला येतं.
भ्यालेला माणूस समोर बसला की काय करायचं, एवढंच मला येतं.
सुई दाखवायची नाही.
घाबरू नका म्हणायचं नाही, त्यानं माणूस जास्तच घाबरतो.
काहीतरी साधं विचारायचं,
ज्याचं उत्तर त्याच्याकडे नक्की असतं.
"दुपारी काय जेवलात?"

भाकरी, म्हणाला. झुणका. शेंगाचटणी.
आई बैलहोंगलची, चटणीत लसूण जास्त,
डबा उघडला की तिसऱ्या मशीनवरचा ओरडतो, ईरण्णा आला!
मग आईचे गुडघे. मग धाकटी बहीण,
तिनं इस्त्री करून दिलेला हा शर्ट.
कप गप्प झाला.
मी मनातल्या मनात म्हटलं, मूठ सोडा आता.

रोज साठ जणांना विचारतो हे.
उत्तर ऐकतो कुठे?
सुई आत गेली की उत्तराचं काम संपतं.
आज सुई नव्हती.
शेवटपर्यंत ऐकावं लागलं.

"आणि तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही काय जेवली?"

अकरा वर्षांत उलटून कुणी विचारलं नव्हतं.
आमटीभात म्हणून सांगता आलं असतं.
"जेवलोच नाही," म्हटलं. "पोटात गोळा आला होता."
आणि हसलो.
हात तोंडाकडे निघाला, अर्ध्यात शमशाद आठवली,
तो तसाच हवेत राहिला,
वेटरला वाटलं बोलावतोय,
तो आला.
"यांना डोसा," ईरण्णा म्हणाला, "आणि कुंदा,
पहिला कुंदा आणा."

बिलावरून भांडलो. मी जिंकलो.
पगारही विचारलाच.
कमी होता, पण आकडा सांगताना
कप पुन्हा वाजला नाही.
डोळे कसे आहेत म्हणून शमशाद विचारेल उद्या.
काय सांगू?

बाहेर आलो तर गेट परत पडलेलं.
मालगाडीचे डबे मोजले,
माझे त्रेपन्न भरले, त्याचे चोपन्न.
दोघांपैकी कुणीच सोडायला तयार नाही.
मागून हॉर्न सुरू झाले तेव्हा कळलं,
गेट केव्हाच वर गेलंय.

"येतो," मी म्हटलं.
त्यानं हेल्मेट चढवलं, काच वर केली,
आणि तेच म्हणाला, त्याच्या घरच्या भाषेत,
"बर्तीन्री."