अकरा नंबरचा कुत्रा

हॅलिफॅक्सच्या चढावर आमची गल्ली. चौदा घरं.
बेव्हर्ली हॉलरॉइड कागद घेऊन दारात आली
तेव्हा मी कांदा चिरत होतो.
पेन तिने सुतळीने पॅडला बांधलेलं.
'अकरा नंबरचा कुत्रा. रात्रभर भुंकतो.
बारा सह्या झाल्यात. तुमचीच राहिलीय.'

मी पाहिलेला तो कुत्रा. राखाडी, सडपातळ, म्हातारा,
मिस्टर ऑर्मरॉडच्या पाठोपाठ
अंग चोरून चालणारा.
आमची त्यांची भिंतीला भिंत.
सहा वर्षांत त्याचा आवाज
मी ऐकला नव्हता. एकदाही.

हे मी म्हणणार होतो.
पण एकीकडे बारा घरांचे कान
आणि इकडे माझे दोन.
शिवाय पहिल्या हिवाळ्यात
बर्फ ओढायचं फावडं हिनेच दिलेलं,
उन्हाळ्यात गल्लीच्या जेवणात
बटाटेवड्यांना टेबलावर जागाही हिनेच केलेली.
म्हटलं, माझेच कान जड झाले असतील.
सही मराठीत केली.
कुणाला वाचता येणार नाही, एवढाच भित्रा हिशोब.
तिने शेजारी ठळक अक्षरात लिहिलं: नऊ नंबर.

त्याच रात्री तो भुंकला.
शपथेवर सांगतो, भुंकला. दोन वाजून दहा मिनिटांनी.
अनघाला उठवलं तर म्हणाली, पाइप वाजतायत, झोपा.
मला राग आला. तिचा.
महिन्याभरात बेव्हर्लीला मीच सांगू लागलो
कधी, किती वेळ, कोणत्या सुरात.
एकदा हुबेहूब काढूनही दाखवला.
सगळे हसले. रॉयने पाठीवर थाप मारली.
त्या थापेची ऊब
घरात शिरून कोट काढेपर्यंत टिकली.

गावी याला शब्द होता: वाळीत.
पाणी बंद, विस्तव बंद, लग्नात पान नाही.
इथे तसलं काही नसतं.
इथे नुसतं 'मॉर्निंग' म्हणायचं थांबतं.
मी कोणत्या दिवशी थांबलो, आठवत नाही.

मार्चमध्ये ऑर्मरॉड मुलीकडे गेले, स्कार्बरोला.
कुत्र्याला उचलून गाडीत ठेवताना
त्यांनी एकदा आमच्या खिडकीकडे पाहिलं.
मी पडद्यामागे होतो.
पडदाही तेवढा जाड नव्हता.

आता अकरामध्ये एक तरुण जोडपं आहे.
कुत्रा नाही, मांजर नाही, मूलही नाही.
दोन वाजून दहा मिनिटांनी मी उठून बसतो.
अनघा कूस बदलत विचारते, काय झालं?
पाइप, मी म्हणतो.